नागरिकत्व सोडलेल्या देशात पुन्हा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा पासपोर्ट हातात पडेपर्यंत सगळं लक्ष नव्या देशाच्या कागदांवर असतं. जुन्या देशात जायची वेळ आली की प्रश्न सुचायला लागतात, आणि ती वेळ बहुतेकदा घाईची असते. खाली उदाहरणं निरनिराळ्या देशांची घेतली आहेत. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ एकदा बघून घ्यावं.

नागरिकत्व सोडल्यावर त्या देशात पुन्हा जाता येतं का?

बहुतेक देशांत येतं, आणि लाखो लोक दरवर्षी जातात. बदलतं ते एवढंच की आधी तुम्ही हक्काने जात होता, आता परवानगीने जाणार. नागरिकाला त्याचा देश दारातून परत पाठवत नाही. पासपोर्ट हरवला असला तरी खातरजमा करून आत घ्यावंच लागतं. परदेशी माणसाला मात्र व्हिसा असूनही परत पाठवता येतं. खालची बहुतेक उत्तरं या एका फरकातूनच निघतात.

मी नागरिकत्व सोडायचा अर्ज कधी केलाच नाही, फक्त दुसऱ्या देशाचं घेतलं. मग माझं जुनं गेलं की शिल्लक आहे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि पुढची प्रत्येक गोष्ट याच उत्तरावर अवलंबून असते.

काही देशांत दुसरं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्या क्षणी पहिलं आपोआप संपतं. भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९, जपानच्या राष्ट्रीयत्व कायद्याचं कलम ११ आणि चीनच्या १९८०च्या कायद्याचं कलम ९ हेच सांगतं. तुम्ही कुणाला कळवलं नाही, म्हणून ते टिकून राहत नाही. कायद्याने तुम्ही परदेशी झालेले असता; फक्त नोंदवहीत नाव अजून जुन्या रकान्यात असतं. भारतात पासपोर्ट जमा करून नागरिकत्व त्यागाचा दाखला घ्यायचा असतो, जपानमध्ये नागरिकत्व गेल्याची नोंद करायची असते. ही कामं राहिली की पुढच्या प्रत्येक अर्जात अडतं.

जर्मनीतही दुसरं नागरिकत्व घेतल्यावर साधारण असंच व्हायचं, पण २७ जून २०२४पासून तो नियम गेला. त्या तारखेआधी दुसरं नागरिकत्व घेतलेल्यांना मात्र आपण अजून जर्मन आहोत असं गृहीत धरता येत नाही. तारखा नीट बघाव्या लागतात त्या अशा ठिकाणी.

दुसऱ्या टोकाला असे देश आहेत जे सहजासहजी सोडत नाहीत. इराणच्या नागरी कायद्यात नागरिकत्व सोडण्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत, लष्करी सेवा झालेली हवी आणि मंत्रिमंडळाची परवानगी हवी. ती मिळेपर्यंत तुमच्याकडे दुसरा कुठलाही पासपोर्ट असो, इराणच्या लेखी तुम्ही इराणीच आणि इराणी पासपोर्टवरच आत जायचं. अर्जेंटिनात जन्माने मिळालेलं नागरिकत्व सोडताच येत नाही. तेव्हा ‘मी सोडलं’ म्हणण्याआधी समोरच्याने ते सुटलं असं मानलं आहे का, हे बघायला हवं.

जुन्या पासपोर्टची मुदत अजून आहे. एकदा वापरला तर काय बिघडतं?

वापरू नका. पुस्तिकेवरची मुदत ही पुस्तिकेची असते, नागरिकत्वाची नव्हे. नागरिकत्व संपल्यावर त्या पासपोर्टवर प्रवास करणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. भारतात पासपोर्ट कायद्याखाली दंड होतो आणि पुढे माजी नागरिकांसाठीचं कार्ड काढताना त्या प्रवासाचे शिक्के तुमच्याविरुद्ध बोलतात. ‘मित्राने केलं होतं, काही झालं नाही’ हे कुणीतरी सांगतंच. त्या मित्राचा पुढचा अर्ज अजून व्हायचा असतो.

रद्द झालेला जुना पासपोर्ट मात्र फेकू नका. कोपरा कापलेली, शिक्का मारलेली ती पुस्तिका तुम्ही एके काळी तिथले नागरिक होता याचा सगळ्यात सोपा पुरावा आहे. पूर्वी चिनी नागरिक असलेल्यांकडून पहिल्या चिनी व्हिसाच्या वेळी जुना चिनी पासपोर्ट मागितला जातो. इतर देशही सवलतीचा अर्ज करताना बहुतेक तोच मागतात.

शपथ झाली, सही झाली, पण दाखला अजून आलेला नाही. मधल्या काळात जाऊ का?

टाळता येत असेल तर टाळा. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथलं नागरिकत्व साधारणपणे देशाबाहेरच्या वकिलातीत, अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन सोडावं लागतं. मग कागद वॉशिंग्टनला जातात, मंजुरी येते आणि नागरिकत्व गमावल्याचा दाखला मिळतो. तारीख शपथेचीच धरली जाते, पण ती सिद्ध करणारा कागद हातात यायला महिने जाऊ शकतात. या काळात अमेरिकी पासपोर्टवर जाणं चूक, आणि नव्या पासपोर्टवर गेलं तर ‘तुम्ही अमेरिकी आहात’ असं सांगून अडवलं जाण्याची शक्यता.

ऑस्ट्रेलियातली मेख वेगळी आहे. तिथे राहत असताना नागरिकत्व गेलं तर कायदा आपोआप ‘माजी नागरिक’ व्हिसा देतो. तो देशात राहू देतो, पण बाहेर पडलात की संपतो. परतायचं असेल तर पुन्हा आत येण्याचा व्हिसा निघण्याआधीच घ्यायला हवा. सुटीला म्हणून चार दिवस बाहेर जाणाऱ्याला हे विमानतळावर कळलं तर फार उशीर झालेला असतो.

मला व्हिसा लागेल का?

तुमचा नवा पासपोर्ट ठरवेल. जुन्या देशाने नव्या देशाच्या नागरिकांना व्हिसामाफी दिली असेल, तर ती साधारणपणे तुम्हालाही लागू होते. अमेरिकेचं नागरिकत्व सोडून कॅनडाचे नागरिक झालेले पर्यटनासाठी व्हिसाशिवाय जातात, फ्रान्सचे झालेले ऑनलाइन पूर्वमंजुरी घेऊन जातात, आणि भारतीय पासपोर्टवर असलेल्याला रीतसर व्हिसा काढावा लागतो. जन्म तिथला असणं, चाळीस वर्षं तिथे कर भरलेला असणं, याने रांग लहान होत नाही.

माजी नागरिकांसाठी काही खास सोय असते का?

अनेक देशांत असते, आणि ती न घेता दर वेळी पर्यटक व्हिसा काढत बसणं मला तरी कळत नाही.

भारताचं ओसीआय कार्ड सगळ्यांना माहीत आहे. २००५मधल्या कायदादुरुस्तीतून ही योजना आकाराला आली, आणि ९ जानेवारी २०१५ला मूळ भारतीयांसाठीची जुनी पीआयओ कार्डं तिच्यात विलीन झाली. आयुष्यभर कितीही वेळा येता येतं आणि मुक्कामाला मर्यादा नाही. पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व स्वतः घेतलेल्यांना, किंवा आईवडील वा आजीआजोबा तिथले नागरिक असलेल्यांना मात्र ते मिळत नाही. पाकिस्तान स्वतःच्या माजी नागरिकांना ओरिजिन कार्ड देतो. बांगलादेश परकीय पासपोर्टवर ‘व्हिसाची गरज नाही’ असा शेरा लावून देतो.

तुर्कस्तानचं ‘मावी कार्त’, म्हणजे निळं कार्ड, मला या सगळ्यात उदार वाटतं. जर्मनीत दुहेरी नागरिकत्व चालत नव्हतं त्या काळात लाखो तुर्कांपुढे एकच देश निवडायची वेळ आली. सरकारची परवानगी घेऊन नागरिकत्व सोडणाऱ्या जन्मजात तुर्कांना मतदान, निवडणूक लढवणं, सरकारी नोकरी असे थोडे अपवाद वगळता राहण्याचे, काम करण्याचे, मालमत्तेचे आणि वारशाचे हक्क या कार्डाने राखले. इथिओपियाने २००२च्या कायद्याने पिवळं कार्ड आणलं, त्यावरही व्हिसा लागत नाही.

फिलिपिन्समध्ये कार्डाचीही भानगड नाही. ‘बालिकबायान’ सवलतीखाली माजी फिलिपिनो नागरिकाला विमानतळावरच एक वर्षाचा मुक्काम मिळतो, आणि सोबत प्रवास करणाऱ्या जोडीदाराला व मुलांनाही. ‘सोबत’ हा शब्द तिथे शब्दशः घेतात. नवरा दोन दिवसांनी मागून आला तर त्याला सामान्य पर्यटकाचे नियम. व्हिएतनाम मूळच्या व्हिएतनामींना पाच वर्षांपर्यंतचं व्हिसामाफीचं प्रमाणपत्र देतो. जर्मनीच्या निवास कायद्यात माजी जर्मन नागरिकांसाठी स्वतंत्र कलम आहे, ३८ नंबरचं, पण ते राहायला जाणाऱ्यांसाठी. पंधरा दिवसांच्या भेटीला त्याची गरज नाही.

असं कार्ड म्हणजे अर्धं नागरिकत्वच ना?

नाही. नाव काहीही असो, कार्डधारक परदेशीच असतो. ओसीआयचं भाषांतर ‘विदेशस्थ भारतीय नागरिक’ असं होतं, तरी ते दुहेरी नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार पत्रकारिता, धर्मप्रचार, गिर्यारोहण, संशोधन अशा कामांसाठी वेगळी परवानगी लागते. कार्ड रद्द करायचा अधिकारही सरकारकडे असतो.

आणि कार्ड पासपोर्टशी जोडलेलं असतं. पासपोर्ट बदलला की कार्डाचं काय करायचं हे त्याच आठवड्यात बघा. ओसीआयमध्ये २० वर्षांचे होण्याआधी नोंदणी झालेल्यांना त्या वयानंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टवर कार्ड नव्याने काढावं लागतं. इतर वेळी नव्या पासपोर्टची प्रत पोर्टलवर चढवायची असते.

पासपोर्टवर जन्मस्थान जुन्या देशातलं आहे. त्याने अडचण येते का?

येऊ शकते, आणि ती इमिग्रेशनच्या आधी, चेक-इन काउंटरवरच येते. परवाना नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च आणि दंड विमान कंपनीच्या माथी बसतो. म्हणून काउंटरवरचा माणूस तुमचा पासपोर्ट यंत्रात घालतो, टिमॅटिक नावाच्या प्रणालीत नियम बघतो आणि मग त्याची नजर जन्मस्थानावर थांबते. ‘तुमचा जन्म तिथला आहे, मग तिथला पासपोर्ट कुठे?’ अमेरिकी नागरिकाने अमेरिकी पासपोर्टवरच यावं असा नियम असल्याने तिथे जाताना हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही ‘सोडलंय’ म्हणता, तो ‘पुरावा दाखवा’ म्हणतो, मागे रांग वाढते, तो वरिष्ठाला फोन लावतो. दाखल्याची प्रत हातातल्या पिशवीत असली तर एका मिनिटात विषय संपतो. सामानात टाकलेली प्रत उपयोगाची नाही, ती पट्ट्यावरून पुढे गेलेली असते.

बोरिस जॉन्सन यांची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. ते १९६४ साली न्यू यॉर्कमध्ये जन्मले, त्यामुळे जन्माने अमेरिकी. २००६ साली ब्रिटिश पासपोर्टवर अमेरिकेतून पुढे मेक्सिकोला जाताना त्यांना अडवलं, कारण अमेरिकी माणसाने अमेरिकी पासपोर्टशिवाय यायचं नाही. त्यांना तर तिथे उतरायचंही नव्हतं. त्यांनी नागरिकत्व औपचारिकपणे सोडलं ते पुढे २०१६मध्ये. म्हणजे फक्त विमान बदलायचं असलं, तरी त्या देशाचे नियम बघावे लागतात.

स्विस पासपोर्टधारकांची यातून बऱ्यापैकी सुटका होते. त्यांच्या पासपोर्टवर जन्मस्थान नसतं, घराण्याच्या मूळ गावाचं नाव असतं.

बरोबर कोणते कागद ठेवावेत?

नवा पासपोर्ट, व्हिसा किंवा कार्ड आणि परतीचं तिकीट लागणारच. पण लोक जुन्या देशाशी असलेलं नातं सिद्ध करायचे कागद गोळा करतात आणि नातं संपल्याचा कागद घरी ठेवून जातात. तुम्ही तिथले होता हे कुणी नाकारत नाही. तुम्ही आता तिथले नाही, हे दाखवायचं असतं. म्हणून नागरिकत्व सोडल्याचा किंवा गमावल्याचा दाखला पहिला, नव्या नागरिकत्वाचं प्रमाणपत्र दुसरं.

लग्नानंतर किंवा नागरिकत्व घेताना नाव बदललं असेल, तर जुनं आणि नवं नाव जोडणारा कागद हवा. स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही पुरतो. मूळ दाखले प्रवासात न्यायचे नसतील तर प्रमाणित प्रती करा. तिथल्या एखाद्या कार्यालयात ते दाखल करायचे असतील तर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र, लागेल का हे आधी विचारा. फोनमध्ये फोटो ठेवाच, पण फोनच्या भरवशावर राहू नका.

व्हिसाच्या फॉर्मवर ‘यापूर्वी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व होतं का’ असं विचारतात. काय लिहू?

खरं ते. जुनी नोंद त्यांच्याच दप्तरात आहे. नागरिकत्व सोडलेलं असणं हे व्हिसा नाकारायचं कारण क्वचितच होतं, खोटी माहिती मात्र जवळपास सगळीकडे होते.

इमिग्रेशनवर ‘का सोडलंत?’ असं विचारलं तर?

क्वचित विचारतात. अधिकाऱ्याला खरं तर तीन गोष्टी हव्या असतात: कशाला आलात, किती दिवस राहणार, परत कधी जाणार. ‘नोकरी आणि कुटुंब तिकडे आहे, म्हणून तिकडचं घेतलं’ एवढं उत्तर पुरेसं असतं. राजकारण, कर, सरकारबद्दलची मतं काउंटरवर काढू नयेत. ‘मी इथलाच आहे हो’ असं जिव्हाळ्याने म्हणणंही टाळा. इथलाच असाल तर या पासपोर्टवर का आलात, हा पुढचा प्रश्न तुम्हीच हातात देता.

प्रवेश कायमचा नाकारला जाऊ शकतो का?

कायद्याने होय. व्यवहारात फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

अमेरिकेत १९९६ साली रीड दुरुस्ती नावाने ओळखलं जाणारं कलम आलं. कर चुकवण्यासाठी ज्याने नागरिकत्व सोडलं असं सरकारने ठरवलं, त्याला प्रवेश नाही. ते आजही कायद्यात आहे, पण जवळपास वापरलंच गेलेलं नाही. फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक एदुआर्दो सॅव्हरिन यांनी नागरिकत्व सोडल्याचं २०१२ साली उघड झालं, तेव्हा संतापलेल्या सिनेटरांनी आणखी कडक विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही.

खरी धार दिसते ती लष्करी सेवेच्या बाबतीत. दक्षिण कोरियाचा गायक यू सुंग-जून याने सक्तीची सेवा करणार असं जाहीरपणे सांगितलं होतं. २००२च्या जानेवारीत त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं, म्हणजे कोरियन संपलं आणि सेवाही टळली. लोक भडकले. फेब्रुवारीत तो इंचॉन विमानतळावर उतरला, तेव्हा त्याला तिथूनच परत पाठवलं. पुढे व्हिसासाठी तो कोर्टात गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकला, २०२३मध्ये पुन्हा जिंकला, आणि २०२४मध्ये वकिलातीने व्हिसा पुन्हा नाकारला. कोर्ट ‘नाकारण्याची पद्धत चुकली’ म्हणू शकतं. व्हिसा द्यायचा की नाही हे शेवटी सरकारच्या हातात राहतं. नागरिक असता, तर तो पाहिजे तेव्हा आत येऊ शकला असता.

सेवा न करता नागरिकत्व सोडलेल्या पुरुषांना दक्षिण कोरियाचा मूळ कोरियन लोकांसाठीचा एफ-४ व्हिसा वयाच्या चाळिशीपर्यंत मिळत नाही. सिंगापूरमध्येही सेवा टाळून गेलेल्यांकडे पुढच्या अर्जांच्या वेळी करड्या नजरेने बघतात. ज्या देशात सक्तीची सेवा आहे, तिथे जाण्याआधी आपली बाजू पूर्ण मिटली आहे का हे लेखी विचारून घ्या.

तिथे अडचणीत सापडलो, अगदी अटक झाली, तर कोणता देश मदतीला येईल?

नवा देश. आणि नागरिकत्व रीतसर सोडल्याचा हा मोठा फायदा आहे, ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ परदेशी माणसाला अटक झाल्यावर त्याच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देतं. दोन्ही नागरिकत्वं असलेल्याला हा हक्क जुन्या देशात बहुधा मिळत नाही. ‘हा आमचाच माणूस आहे’ म्हणून दुसऱ्या वकिलातीला बाजूला ठेवता येतं. १९३०च्या हेग करारापासून हे तत्त्व चालत आलं आहे. म्हणूनच जुन्या देशाने तुमचं नागरिकत्व संपल्याचं मानलेलं असणं इतकं महत्त्वाचं. तो मानत नसेल, तर नवा पासपोर्ट तिथे फार काही कामाचा नाही.

आईवडील तिथे आहेत. अचानक निघावं लागलं तर?

हा प्रश्न आजार सुरू झाल्यावर विचारायचा नाही. वयस्क माणसं जुन्या देशात असतील तर दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा कार्ड आजच काढून ठेवा, प्रवास ठरलेला असो वा नसो. कार्डाच्या अर्जाला आठवडे लागतात, आणि अर्ज चालू असताना दुसरा व्हिसा मागितला की कधी कधी दोन्ही अडकतात.

तरीही वेळ आलीच, तर अनेक वकिलातींचा तातडीचा क्रमांक असतो, सुटीच्या दिवशी चालणारासुद्धा. रुग्णालयाचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा जन्मदाखला आणि नागरिकत्व सोडल्याचा दाखला, हे तीन कागद ईमेलमध्ये तयार असू द्या. पत्र लेटरहेडवर, तारखेसकट, डॉक्टरच्या सही-शिक्क्याचं हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा रिपोर्टचा फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. भावंडांपैकी कुणी तिथे असेल तर हे काम त्यांच्यावर सोपवा.

किती दिवस राहता येतं? कर लागू होईल का?

ही दोन वेगळी घड्याळं आहेत. इमिग्रेशनचं घड्याळ व्हिसावर चालतं, कराचं घड्याळ दिवसांवर. कार्डामुळे मुक्कामाला मर्यादा नसली, तरी कर खातं दिवस मोजतंच.

अमेरिकेचा हिशेब जरा किचकट आहे. चालू वर्षातले सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा आणि त्याआधीच्या वर्षीच्या दिवसांचा सहावा हिस्सा, ही बेरीज १८३ झाली की तुम्ही करासाठी तिथले रहिवासी. सलग तीन वर्षं दरवर्षी १२२ दिवस राहिलात की बेरीज बरोबर १८३ येते. दुसऱ्या देशाशी अधिक घट्ट संबंध असल्याचं दाखवून सूट मागता येते, पण ती मागावी लागते. भारतात साधारण १८२ दिवसांची रेषा आहे. भारतातलं उत्पन्न १५ लाख रुपयांच्या वर असलेल्या मूळ भारतीयांसाठी काही अटींवर ती १२० दिवसांवर येते.

आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपातल्या शेंगेन देशांपैकी एखाद्याचं नागरिकत्व सोडलं असेल, तर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा लागते. त्यात शेजारच्या शेंगेन देशांत घालवलेले दिवसही धरतात.

तिथे असताना काम करू शकतो का?

पर्यटक व्हिसावर नाही. माजी नागरिकांच्या काही कार्डांवर चालतं. लॅपटॉपवर परदेशातल्या कंपनीचं काम करण्याबद्दल प्रत्येक देशाचं म्हणणं वेगळं आहे.

जुनं घर, जमीन, बँक खातं यांचं काय?

आधीच मालकीचं असलेलं घर नागरिकत्व सोडल्यामुळे सहसा जात नाही, पण नवी खरेदी परकीय माणसाच्या नियमांनी होते. फिलिपिन्समध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, जन्मजात फिलिपिनो असलेल्या माजी नागरिकाला मात्र राहण्यासाठी शहरात १,००० चौरस मीटर किंवा ग्रामीण भागात एक हेक्टरपर्यंत घेता येते. वारशाने येणाऱ्या मालमत्तेचे नियम बहुतेकदा खरेदीपेक्षा सैल असतात. बँकेला आणि विमा कंपनीला तुमचं नागरिकत्व बदलल्याचं कळवा. भेटीला गेलात की हे काम पहिल्या आठवड्यात उरका, शेवटच्या दिवशी ढकलू नका.

मतदानयादीत माझं नाव अजून आहे. मत देऊ का?

नाही. नाव काढून घ्या. परदेशी माणसाने मत देणं गुन्हा आहे आणि पुढचे सगळे व्हिसा त्यात जाऊ शकतात. जुन्या राष्ट्रीय ओळखपत्राचंही तेच. जाता जाता, अमेरिकेत नागरिकत्वाचा त्याग केलेल्याला १९६८च्या कायद्याखाली बंदूकही बाळगता येत नाही. शिकारीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मुलं बरोबर आहेत. मी सोडलं म्हणजे त्यांचंही सुटलं का?

गृहीत धरू नका. प्रत्येक मुलाची स्थिती वेगळी मोजली जाते: जन्म कुठे, त्या दिवशी आईचं आणि वडिलांचं नागरिकत्व कोणतं, नोंद झाली होती का. वडिलांनी कोरियन नागरिकत्व मुलाच्या जन्मानंतर सोडलं, तर मुलगा अजून कोरियन असू शकतो, त्याला स्वतःला माहीत नसतानाही. तिथल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व असलेल्या मुलाने अठरावं वर्ष ज्या साली येतं त्या सालच्या ३१ मार्चपर्यंत सोडायचा निर्णय घ्यायचा असतो. ती तारीख हुकली की लष्करी सेवेचा प्रश्न उभा राहतो. मुलगा सोळा-सतराचा असेल तर सहलीआधी वकिलातीला विचाराच.

मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र ठेवा.

दुसरं नागरिकत्व नसतानाच सोडलं तर?

बहुतेक देश तसं करू देत नाहीत. राज्यहीनता, म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसणं, कमी करण्याच्या १९६१च्या करारात तशी तरतूदच आहे. अमेरिका मात्र इशारा देऊन करू देते. गॅरी डेव्हिस यांनी १९४८ साली पॅरिसमध्ये अमेरिकी नागरिकत्व सोडलं, स्वतःला जगाचे नागरिक म्हणवलं आणि पुढे ‘जागतिक पासपोर्ट’ही काढला. त्या पासपोर्टवर त्यांना अनेक सीमांवर अडवलं गेलं आणि तुरुंगही बघावे लागले. कल्पना मोठी होती, पण भेटीला जायचं असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

‘आपल्या देशात’ जाण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायदा देतो ना?

नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचं कलम १२(४) म्हणतं की कुणालाही स्वतःच्या देशात जाण्यापासून मनमानीने रोखता येणार नाही. ‘स्वतःचा देश’ हा शब्द नागरिकत्वापेक्षा व्यापक आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९९मध्ये स्पष्ट केलं. पण तिने मुख्यतः विचार केला तो नागरिकत्व हिरावून घेतलेल्यांचा किंवा आयुष्य एकाच देशात काढलेल्या परदेशींचा. आपण होऊन सोडणाऱ्याने या कलमाच्या भरवशावर विमानात बसू नये.

पश्चात्ताप झाला तर परत घेता येतं का?

देशादेशावर आहे. ब्रिटनमध्ये दुसरं नागरिकत्व घेण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी सोडलं असेल, तर १९८१च्या कायद्याने एकदा ते हक्काने परत मिळतं. दुसऱ्यांदा सरकारच्या मर्जीवर. फिलिपिन्समध्ये २००३पासून जन्मजात नागरिकांना शपथ घेऊन ते परत मिळवता येतं, आणि नवं सोडावंही लागत नाही. अमेरिकेत अशी वेगळी वाट नाही: इमिग्रंट व्हिसा, ग्रीन कार्ड, ठरलेली वर्षं आणि परीक्षा, सगळं पहिल्यापासून. अजून सोडलं नसेल आणि हे वाचत असाल, तर सही करण्याआधी त्या देशाचं परत घेण्याचं कलम शोधून वाचा. तसं कलमच नसेल, तर माजी नागरिकाचं कार्ड मिळतं का ते बघा, आणि तेही नसेल तर नव्या पासपोर्टला तिथे व्हिसा किती दिवसांत मिळतो हे विचारून घ्या.